सोनं चढवण्याचा रविवार

आमच्या घराण्यात निवडून येणं ही कौतुकाची गोष्ट कधीच नव्हती. मार्लिंगच्या मतदारांना टॅमरटन सोडून दुसऱ्या नावापुढे फुली मारताच येत नसावी, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची परिस्थिती. बाप लॉर्डांच्या सभागृहात सरकला की मुलगा कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, बापाच्या ऊबदार जागेवर जाऊन बसायचा, इतकंच. म्हणून जेवणघराच्या भिंतीवर रंगवलेल्या वंशवृक्षावर नाव यायला नुसतं जन्माला येणं पुरायचं. सोनं चढायला मात्र सरकारात पद मिळावं लागायचं.

झाड ओकचं, भिंतभर. माणसागणिक एक पान आणि पानावर नाव. ज्याला पद मिळालं त्याच्या नावाखाली संसदेची खूण, म्हणजे लोखंडी जाळीचं दार, सोन्याच्या वर्खात, नखाएवढं. दुरून पाहिलं तर झाडाला पिवळी कीड लागल्यासारखी वाटायची, आणि आमची ऑगस्टाआत्या पाहुण्यांसमोर तसं म्हणायचीही.

एप्रिलमधल्या त्या रविवारी अ‍ॅम्ब्रोज टॅमरटनच्या पानावर सोनं चढायचं होतं. लॉर्ड एव्हरार्डांचा थोरला मुलगा, चाळिशीला टेकलेला, टोरी पक्षाचा. त्याला स्थानिक कारभार खात्याचा उपमंत्री केलं होतं. गरिबांच्या घरांचं बघतं ते खातं. दोन महिन्यांपूर्वी ज्यानं गरिबांच्या घरांचं विधेयक पाडलं, त्यालाच ते खातं! सरकारला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

आणि पाडलं कसं? शब्द मोडून.

कॉमन्समध्ये आमच्या लोकांत एक रीत आहे, तिला जोडी म्हणतात. या बाजूच्या एकाला घरी अडचण आली तर तो त्या बाजूच्या एकाला गाठतो आणि म्हणतो, 'मी नाही, तर तूही नाही.' मग दोघंही मताला जात नाहीत आणि पारडं होतं तसं राहतं. याला कागद नाही, सही नाही. टॅमरटन टोरी आणि लँगरिश लिबरल, दोन्ही घरांमध्ये आठ मैलांची वाट. सभागृहात एकमेकांची सालटी काढायची आणि रविवारी एकमेकांकडे जेवायचं, जोडी बांधायची तीही आपसातच, हे चार पिढ्या चाललं होतं. शेवटी अ‍ॅम्ब्रोजची धाकटी बहीण विनी हिनं ह्यू लँगरिशशी लग्नच केलं. विनी माझी आजी. पण त्या दिवशी ती सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या डोळ्यांत जाळ होता, म्हणून इथं तिला विनीच म्हणते.

ते विधेयक ह्यूचं. जमीनदारांनी शेतमजुरांना राहायला दिलेली घरं सरकारी माणसांनी येऊन तपासावीत, अशी त्यातली मुख्य गोष्ट. चार वर्षं तो त्यासाठी जोडे झिजवत होता. आणि फेब्रुवारीत ज्या दिवशी मतदान, त्याच दिवशी विनी बाळंतपणात अडली. ह्यू घरून हलू शकत नव्हता. त्यानं आधीच मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं, मेव्हण्यानं मान डोलावली होती. आणि तोच मेव्हणा दुपारची गाडी पकडून लंडनला गेला आणि त्यानं विरोधात मत दिलं. विधेयक एका मतानं पडलं. तो गेला नसता तर मतं समसमान झाली असती, आणि तशा वेळी चर्चा पुढं चालू राहील असंच मत द्यायचं, ही सभापतींची जुनी रीत. म्हणजे विधेयक जगलं असतं.

विनी जगली. मुलगीही जगली. ती मुलगी म्हणजे माझी आई.

*

"येतील का गं ते?" विनीची आई लेडी हॅरिएट हिनं पुन्हा विचारलं. चर्चहून आल्यापासून तिनं टोपीसुद्धा काढली नव्हती.

"येतील," नणंद ऑगस्टा म्हणाली. "विनी तुझ्यावर गेली असती तर घरात रडत बसली असती. ती एव्हरार्डवर गेलीय. भांडायला येणारच."

"आजच्या दिवशी कुणी भांडू नये एवढंच माझं मागणं."

"मग आजचा दिवस ठेवायचाच नव्हता. पोराचं नाक कापलं गेलंय आणि आपण त्याला सोनं लावतोय."

"ऑगस्टा!"

"खोटं बोलतेय का मी? क्लबात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कुणी बसत नाही म्हणे. पत्त्यांत फसवलं असतं तर लोक विसरले असते. कुणाची बायको पळवली असती तरी वर्षभरात जेवायला बोलावलं असतं. पण जोडी मोडली! आपल्या लोकांत याच्यापलीकडं काही नाही, हॅरिएट."

हॅरिएटनं हातमोजे काढले, परत घातले. मतदानाच्या दिवशी ती मुलीच्या उशाशी होती. विनीचा हात तिच्या हातात होता आणि ह्यू दाराबाहेर जिन्यावर बसून होता. निकालाची तार आली तेव्हा ह्यूनं ती वाचली, खिशात ठेवली आणि विचारलं, 'डॉक्टरांना चहा दिला का कुणी?' हॅरिएटला तेव्हापासून जावयाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पोटच्या पोराची लाज वाटणं ही काय गोष्ट असते, ते कुणाला सांगायचीही सोय नसते.

"तूच सांगून बघ ना एव्हरार्डला," ती म्हणाली. "तुझं ऐकतात. म्हणावं, सोनं पुढं ढकला. एरवी तुझी जीभ काय कमी चालते?"

ऑगस्टा खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून तबेल्याचं अंगण दिसतं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"का?"

"मला विचारू नकोस."

बावन्न वर्षांच्या ओळखीत नणंदेला शब्द कमी पडलेले हॅरिएटनं पहिल्यांदाच पाहिले.

*

लॉर्ड एव्हरार्ड जेवणघरात एकटे होते. तबकात डिंकाचं पाणी, मांजराच्या शेपटीसारखा मऊ ब्रश, सोन्याच्या वर्खाचं पुडकं आणि वर्ख कापायची छोटी सुरी. झाडाचं सगळं काम घरातल्या कर्त्या पुरुषानं स्वतः करायचं, नोकराचा हात लावायचा नाही, हा नियम. अ‍ॅम्ब्रोजच्या नावाखाली त्यांनी पेन्सिलनं जाळी काढून ठेवली होती. विनीच्या पानाला लागून एक नवं पानही रंगवलं होतं, अजून कोरं. आज त्यात नातीचं नाव भरायचं.

पण ती जाळी त्यांना तीनदा पुसून पुन्हा काढावी लागली होती. वय झालं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चोराच्या मनात चांदणं.

मार्लिंगच्या खालच्या अंगाला नदीकाठी टॅमरटनांच्या मजुरांची घरं आहेत. त्यांना गावात ओली गल्ली म्हणतात. हिवाळ्यात जमिनीतून पाणी वर येतं, खाटांच्या पायांखाली विटा ठेवाव्या लागतात, पोरं खोकत असतात. एव्हरार्ड दर नाताळाला तिथं खायला ससे आणि ब्लँकेटं पाठवत आणि स्वतः कधी जात नसत. ह्यूचं विधेयक मंजूर झालं असतं तर सरकारी माणूस त्या गल्लीत वाकून शिरला असता, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव आलं असतं: टॅमरटन. भिंतीवर एवढी नावं जपणारा माणूस, त्याला त्या एका छापील नावाची धडकी भरली होती.

मतदानाच्या दिवशी सकाळी लँगरिशांचा नोकर घोड्यावरून आला. विनी बाळंतपणात अडलीय, ह्यूसाहेब निघू शकत नाहीत. अ‍ॅम्ब्रोज तेव्हा मार्लिंगलाच होता. जोडी बांधली होती, लंडनला काम नव्हतं, बापाकडे निवांत राहायला आला होता. एव्हरार्ड घरातल्या सपातांनीच ओल्या अंगणातून तबेल्यात गेले आणि बग्गीला घोडा जोडायला सांगितलं. अ‍ॅम्ब्रोज न्याहारीहून बाहेर आला तर गाडी दारात उभी.

'पपा, मी ह्यूला शब्द दिलाय.'

एव्हरार्डनी घड्याळ काढून पाहिलं होतं. 'दोनची गाडी मिळेल,' म्हणाले होते.

एवढंच. मी कुठं काय म्हणालो? जा म्हणालो का? मत दे म्हणालो का? दोन महिने ते स्वतःला हेच विचारत होते. आणि दोन महिन्यांत अ‍ॅम्ब्रोजनं त्या घोड्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नव्हतं.

बाहेर चाकं वाजली. एव्हरार्डनी ब्रश खाली ठेवला.

*

विनीनं बाळाची टोपली स्वतःच उचलून आणली, कुणाच्या हाती दिली नाही. मागून ह्यू. उंच, थोडा वाकलेला, चष्मा सारखा पुसणारा.

"ये गं माझे बाई," म्हणून हॅरिएट धावली आणि टोपलीवर वाकली. "बघा तरी, झोपलीय कशी! नाव ठरलं का?"

"ठरलंय."

"मग सांग की. पपा थांबलेत, पानावर लिहायचंय."

"बाप्तिस्मा पुढच्या रविवारी आहे," विनी म्हणाली. "तेव्हा सगळ्यांना कळेल."

"अगं पण पान काढून ठेवलंय मी," एव्हरार्ड म्हणाले. "तुझ्या पानाच्या शेजारी. हिरवा रंगसुद्धा तोच मिळवला, किती शोधून."

"राहू दे कोरं. आज सोन्याचा दिवस आहे ना? एका दिवशी किती सजवायचं झाडाला?"

अ‍ॅम्ब्रोज शेकोटीपाशी पाठमोरा उभा होता. तो वळला आणि दोन पावलं पुढं आला. "ह्यू," म्हणून त्यानं हात पुढं केला.

ह्यूनं चष्मा पुसायला घेतला. दोन्ही हात कामात. "कसे आहात, टॅमरटन?" तो म्हणाला.

लहानपणी दोघं एका तळ्यात पोहले होते. इतकी वर्षं तो त्याला अ‍ॅम्ब्रोज म्हणायचा. अ‍ॅम्ब्रोजचा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला आणि मग त्यानं तो खिशात घातला. त्याची बायको सिसिली हे बघत होती. तिचे गाल लाल झाले. लाजेनं नव्हे, रागानं. लाज तिला परवडणारी नव्हती. घरात नवऱ्याच्या बाजूनं उभं राहणारी ती एकटीच होती.

*

कोकराचं भाजलेलं मांस होतं, पुदिन्याचा सॉस होता. सगळे झाडाकडे तोंड करून बसतील अशीच टेबलाची मांडणी असते, त्यामुळे तिकडे न बघायचं म्हटलं तर ताटात बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळे ताटात बघत होते.

"यंदा कोकरं लवकर आली," हॅरिएट म्हणाली.

"हो," ह्यू म्हणाला.

"पाऊस कमी झाला म्हणून."

"ओल्या गल्लीत कमी नव्हता," विनी म्हणाली. "येताना तिथूनच आलो आम्ही. थांबलो होतो. ब्रॅशरबाईंची धाकटी गेली मार्चमध्ये, तुम्हाला माहीत आहे ना, पपा?"

"कळवलं होतं मला. फुलं पाठवली आपण."

"आणि ब्लँकेट?"

"विनी," हॅरिएट म्हणाली.

"नाही, मी आपलं विचारते. भावानं ते विधेयक पाडलं तेव्हा त्या मुलीला नुसता खोकला होता."

सिसिलीनं काटा खाली ठेवला. "पक्ष पहिला, मग मेव्हणा. अ‍ॅम्ब्रोजनं पक्षाचं काम केलं. प्रत्येकानं आपापल्या बायकोच्या बाळंतपणाचं निमित्त करून घरी बसायचं ठरवलं तर राज्य चालायचं कसं?"

"सिसिली, पुरे," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

"का पुरे? दोन महिने तोंड शिवून बसलायत तुम्ही. सांगा ना त्यांना, तुम्हाला वाटलं होतं की बाळ झालं असेल आणि हे लंडनला निघाले असतील. गैरसमज झाला. गैरसमज काय कुणाचा होत नाही?"

"असं झालं होतं का?" विनीनं भावाकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा. "तुला असं वाटलं होतं, अ‍ॅम्ब्रोज? खरं सांग. असं असेल तर मी आत्ता उठून तुझी माफी मागते."

ही पळवाट चांगली रुंद होती. अख्खी बग्गी गेली असती. अ‍ॅम्ब्रोजनं बापाकडे पाहिलं. तो त्या माणसाकडून काहीतरी ऐकायला थांबला होता. फेब्रुवारीपासून थांबला होता. रोज वाटायचं, आज बोलतील. त्या घरात पपांनी जोडलेल्या घोड्याला नाही म्हणायची कुणाला सवयच नव्हती. हे पपांनाही ठाऊक होतं, त्यालाही.

"मीठ इकडे द्या जरा," एव्हरार्ड म्हणाले.

अ‍ॅम्ब्रोजनं मीठदाणी पुढं सरकवली.

"नाही," तो विनीला म्हणाला. "ह्यू निघालेला नाही हे मला माहीत होतं."

टोपलीत बाळ कुरकुरलं. विनीनं वाकून पांघरूण नीट केलं. तिला भावाचा इतका राग आला होता, आणि आता त्यानं खरं सांगितल्यावर तो राग कुठं ठेवायचा हेच तिला कळेना. लहानसहान गोष्टीतही थाप मारणारा हा भाऊ. आज थाप आयती हातात दिली, तर घेत का नाही?

ऑगस्टाच्या ताटातलं मांस तसंच होतं. "एव्हरार्ड," ती हळूच म्हणाली, "तुझ्या सपाता वाळल्या का रे?"

कुणालाच काही कळलं नाही. हॅरिएटला वाटलं, नणंदबाईंचं वय झालं. एव्हरार्डनी मात्र ताट बाजूला सारलं.

*

जेवणाचं गोड, रुबार्बची टार्ट, झाल्यावर वाचनाची वेळ आली. सोनं लावण्याआधी कर्त्या पुरुषानं उभं राहून, ज्यांच्या पानांवर सोनं आहे त्यांची नावं खालून वर म्हणायची. नावामागं त्या माणसाची एक करणी, आणि प्रत्येक नावाला बाकीच्यांनी बोटाच्या पेरांनी टेबलावर एकदा ठोकायचं. ही आमची आरतीच म्हणा.

एव्हरार्ड भिंतीपाशी उभे राहिले.

"जाइल्स. राणीनं गप्प बस म्हटलं तरी बोलला."

टकटक झाली.

"राल्फ. दोन्ही राजांकडून खाल्लं आणि दोघांनाही फसवलं."

इथं दरवेळी हशा पिकतो. आज टेबलावर नुसतं ठोकलं गेलं.

"फ्रान्सिस. जन्मभर बसला, एकदा बोलला, तेही शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल."

पुन्हा टकटक.

मग ते थांबले. पुढचं पान रॉजरचं होतं. त्याची करणी घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. रॉजरनं एका लँगरिशशी जोडी बांधली होती. रॉजरचं स्वतःचंच विधेयक मताला आलं, एक मत कमी पडत होतं, आणि रॉजर दोन गल्ल्यांपलीकडे बसून होता. माणसं बोलवायला गेली. तो म्हणाला, शब्द दिलाय. विधेयक पडलं. टॅमरटन आणि लँगरिश यांचं जे काही आहे ते तिथून सुरू झालं.

"रॉजर," एव्हरार्ड म्हणाले. पुढचं येईना. त्यांनी तबकातला ब्रश उचलला. "रॉजर."

सिसिली रुमालाची घडी घालत राहिली. अ‍ॅम्ब्रोजनं डोळे मिटले होते.

"एका मतानं हरला," ह्यू शांतपणे म्हणाला, "पण जागचा हलला नाही." त्यानं टेबलावर ठोकलं. तो एकच आवाज झाला. बाकी कुणाचा हात उठला नाही, आणि हॅरिएटला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

एव्हरार्डनी आणखी तीन नावं कशीबशी घेतली. आता शेवटचं सोनं, त्यांचं स्वतःचं. इथं ते दरवेळी मान तिरकी करून म्हणत, 'एव्हरार्ड. यानं फारसं काही केलं नाही,' आणि सगळे जोरात ठोकून 'नाही, नाही' म्हणत. तेवढं झालं की थेट अ‍ॅम्ब्रोज. ब्रश हातात होताच. अ‍ॅम्ब्रोज ताठ बसला होता, दात उपटून घ्यायला बसावं तसा. आणि एव्हरार्डना दिसलं की हा पोरगा आजही बोलणार नाही. उद्याही नाही. आपण मेल्यावरही नाही. सोनं लावून घेईल आणि बापाची लाज जन्मभर स्वतःच्या नावाखाली वागवेल.

"एव्हरार्ड," ते म्हणाले. "यानं घोडा जोडला."

"काय म्हणालात?" हॅरिएटनं विचारलं.

"मतदानाच्या दिवशी. लँगरिशांचा माणूस निरोप देऊन गेला, विनी अडलीय, ह्यू येत नाही. ते ऐकून मी तबेल्यात गेलो आणि घोडा जोडायला लावला. हा म्हणाला, शब्द दिलाय. मी घड्याळ काढलं." ते झाडाकडून टेबलाकडे वळले. "माझी मुलगी मरते की जगते ते मला माहीत नव्हतं. आणि मी घड्याळात गाडीची वेळ बघत होतो. ओली गल्ली कुणी बघू नये म्हणून."

विनीचा हात तोंडावर गेला.

कुणीच ठोकलं नाही. मग एक टक आवाज आला. ऑगस्टा.

"मी खिडकीत होते," ती म्हणाली. "सगळं पाहिलं. आणि इतकी वर्षं कुणाला काही सुनवायचं सोडलं नाही, ती मी त्या दिवसापासून गप्प आहे. माझंही धरा यात."

"पपा," अ‍ॅम्ब्रोज उठला. "गाडीत मी चढलो. तुम्ही ढकललं नव्हतं. मत द्यायला लॉबीत मी चालत गेलो. ते पाय माझे होते."

"हो," एव्हरार्ड म्हणाले. "तेही खरंच."

त्यांनी तबकातली सुरी उचलली. सिसिली किंचाळली, बिचारीला भलतंच वाटलं. ते भिंतीकडे वळले आणि स्वतःच्या नावाखालचं सोनं खरवडायला लागले. वर्ख जुना, भिंतीत मुरलेला. सहज निघेना. खालचा हिरवा रंग निघाला, त्याखालचा चुना निघाला. पांढरी भुकटी गालिच्यावर पडत राहिली आणि सहाही जण ते बघत राहिले, बाळ धरलं तर सात. झाल्यावर त्यांनी अ‍ॅम्ब्रोजच्या पानावरची पेन्सिल अंगठ्यानं पुसली.

"माझं पद मी सोडणार नाही, पपा," अ‍ॅम्ब्रोज खालमानेनं म्हणाला. "ते जाहीर झालंय."

"नको सोडूस. पण इथं नको."

तेवढीच आमची सुधारणा. ओल्या गल्लीतली जमीन त्या उन्हाळ्यात उंच करून घेतली, तेही सांगायला हवं. ब्रॅशरबाईंच्या धाकटीला त्याचा काही उपयोग नव्हता.

ह्यू उठून अ‍ॅम्ब्रोजपाशी गेला. हात पुढं केला नाही. "पुन्हा तुझ्याशी जोडी बांधणार नाही मी," तो म्हणाला. "पण गैरसमज झाला म्हणाला असतास तर या घरात पाऊल टाकलं नसतं. येतो, अ‍ॅम्ब्रोज."

*

विनीला घरी जायचं होतं. नोकर बॅरो गाडी आणायला निघाला तर एव्हरार्ड म्हणाले, राहू दे, आणि स्वतः तबेल्याकडे गेले. थोड्या वेळानं घोड्याचा लगाम धरून चालत आले, डोक्याला टोपी नाही, बाहीवर चुना. घोडा त्यांनी आपल्या हातांनी जोडला होता. एक पट्टा उलटा बसला होता, तो ह्यूनं गुपचूप सरळ केला.

विनी टोपली घेऊन आत बसली. समोर बघत होती. चाकं हलली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. एव्हरार्ड घराच्या दारातच उभे होते. मग विनीनं मागं वळून त्यांना खुणेनं बोलावलं. ते धावत गेले. त्या माणसाला धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

तिनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. एव्हरार्डनी बाळाकडे पाहिलं. हात लावायचा धीर झाला नाही.

"नाव काय गं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीवर लिहिणार असाल तर नाही सांगणार."

"नाही लिहिणार."

"शब्द?"

तो शब्द त्यांच्या तोंडी आता शोभत नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि तिलाही. पण ती थांबली.

"शब्द," ते म्हणाले.

"हेस्टर," विनी म्हणाली, आणि गाडी निघाली.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. हेस्टर त्यांच्या मांडीवर बसून लिहायला शिकली आणि एकदा खडू घेऊन स्वतःच त्या कोऱ्या पानापाशी पोचली, तेव्हा त्यांनी तिला उचलून खाली उतरवलं आणि तिचं रडणं ऐकून घेतलं. शेवटच्या आजारात विनीनं सांगितलं, आता लिहा, पपा, मी शब्दातून सोडलं तुम्हाला. ते नाही म्हणाले.

त्या भिंतीवर माझ्या आईचं नाव अजूनही नाही.